मधल्या ओट्यावरची मोरी

गृहरचनेंत गेल्या दोन-तीन पिढ्यांत जे पालट झाले, त्यांत स्वयंपाकघराचा पालट सर्वांत मोठा होय. चुलीपुढें बसून रांधण्याची रीत गेली आणि उभ्यानें काम करण्याचा ओटा आला. मोरींत बसून भांडीं घासण्याची रीत गेली आणि ओट्यांतच बसविलेलें पोलादी सिंक आलें. आतां त्याहून पुढची पायरी म्हणून भिंत सोडून खोलीच्या मध्यभागीं उभा असलेला एक स्वतंत्र ओटा नव्या सदनिकांतून दिसूं लागला आहे. इंग्रजींत त्यास 'आयलंड', म्हणजे बेट, असें म्हणतात. त्याच्या चहूंबाजूंनीं फिरतां येतें, चौघीजणींना समोरासमोर उभें राहून भाजी चिरतां येते, मुलें त्याच्या एका कडेला बसून अभ्यास करितात. एकत्र कुटुंबाला ही रचना मानवण्यासारखी आहे आणि आमचा तिला मुळींच विरोध नाहीं. परंतु या बेटावर कोणी सिंक बसवूं म्हणतो, तेव्हां एक प्रश्न उभा राहतो. आणि बहुधा तो फरशी बसून गेल्यावर व घरांत वास येऊं लागल्यावरच लोकांच्या ध्यानांत येतो. त्या प्रश्नाचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सिंकला पाणी आणणें कठीण नाहीं. नळांतलें पाणी दाबाखालीं असतें. त्याची नळी फरशीखालून न्यावी, वळवावी, वर चढवावी, तरी तें निमूटपणें येतें. सांडपाण्याचें तसें नाहीं. त्याला मागून कोणी ढकलीत नसतो. तें केवळ आपल्या भारानें उताराकडे जातें. म्हणून त्याच्या नळीला उतार द्यावा लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण उताराइतकीच आणखी एक गोष्ट तिला लागते, ती म्हणजे वारा. नळींत हवा शिरण्यास वाट ठेवली नाहीं, तरी पाणी वाहून जाईल खरें. पण जातांना तें घराच्या पहारेकऱ्यासही आपल्याबरोबर घेऊन जाईल. हा पहारेकरी कोण, तें आधीं सांगितलें पाहिजे.

वांकांतलें पाणी

सिंकच्या खालचें कपाट उघडून पाहिल्यास नळी सरळ खालीं न जातां एकदां उतरून पुनः थोडी वर चढलेली आणि मग आडवी गेलेली दिसेल. या वांकास 'ट्रॅप' म्हणतात. सिंक रिकामें झालें तरी या वांकांत थोडेंसें पाणी उरतें, आणि तें उरावें म्हणूनच वांक ठेविलेला असतो. गटारांत कुजणाऱ्या पदार्थांपासून नाना प्रकारचे वायु उत्पन्न होतात. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यांत असतो, आणि ज्याला वास नाहीं पण जो पेट घेतो असा मिथेनही असतो. नळीच्या पोकळींतून हे वायु, आणि त्यांच्याबरोबर झुरळेंही, घरांत येऊं पाहतात. वांकांतलें पाणी त्यांची वाट अडवितें. म्हणजे हें पाणी घराचें एक दारच आहे. तें सांडपाण्याला बाहेर जाऊं देतें, पण गटाराच्या हवेला आंत येऊं देत नाहीं.

या पाण्याची खोली किती असावी, याचाही नियम आहे. अमेरिकेंतील नियमांप्रमाणें ती २ इंचांहून कमी नसावी आणि ४ इंचांहून अधिक नसावी. कमी असल्यास पाणी सहज आटतें किंवा खेंचलें जातें. अधिक असल्यास खरकटें तळाशीं सांचून राहतें व वांकच कुजूं लागतो.

युक्ति जुनी आहे. लंडनमध्यें घड्याळें करणारा अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं शौचकूपाचें पेटंट घेतलें, त्यांत भांड्याखालची नळी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वांकविली होती. आजचे सर्व ट्रॅप त्याच कल्पनेचे वंशज आहेत. आपल्याकडे न्हाणीघराच्या जमिनींत बसविण्याच्या ट्रॅपला भारतभर इंजिनियर लोक 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजींत लिहिलेल्या बांधकामाच्या पुस्तकांतूनही हेंच नांव छापलेलें असतें. 'स्नान' या संस्कृत शब्दापासून निघालेला हा आपल्या घरांतलाच शब्द असा दूरवर जाऊन बसला आहे.

केवळ वासाचा प्रश्न नव्हे

दोन इंच पाण्याचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. १८७१ सालच्या अखेरीस इंग्लंडचा युवराज, जो पुढें सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, यॉर्कशायरमधील स्कारबरोजवळ एका उमरावाच्या घरीं पाहुणा म्हणून गेला आणि तेथून परतल्यावर विषमज्वरानें अत्यवस्थ झाला. युवराज वांचला, परंतु त्याच्याबरोबर पाहुणा असलेला चेस्टरफील्डचा अर्ल त्याच ज्वरानें मरण पावला. त्या घराच्या नळ्यांतून गटाराची हवा आंत येत होती, अशी त्या वेळीं मोठी ओरड झाली, आणि श्रीमंतांच्या घरांतील मोऱ्या प्रथमच कसून तपासल्या जाऊं लागल्या. विषमज्वर दुर्गंधीनें होतो, ही त्या काळची समजूत खरी नव्हती. १८८० सालीं एबर्थ यानें त्या रोगाचा जंतु दाखविला, आणि तो मुख्यतः दूषित पाण्यांतून व अन्नांतून पसरतो हें पुढें सिद्ध झालें. तेव्हांपासून गटाराच्या हवेची भीति ही जुन्या लोकांची खुळी कल्पना ठरली.

परंतु २००३ सालीं तो विषय पुनः उभा राहिला. त्या वर्षीं मार्च महिन्यांत हाँगकाँगमधील 'अमॉय गार्डन्स' नांवाच्या उंच इमारतींच्या वसाहतींत सार्स या रोगाची सांथ आली. तीनशेंवर रहिवासी आजारी पडले व चाळीसांहून अधिक दगावले. रोग्यांपैकीं पुष्कळ जण एकाच इमारतींत राहत होते, आणि त्यांतही एकावर एक असलेल्या घरांत. तेथील आरोग्यखात्यानें व जागतिक आरोग्य संघटनेनें चौकशी केली, तेव्हां संशय न्हाणीघरांच्या जमिनींतील ट्रॅपांवर आला. तेथील लोक न्हाणीघराची जमीन पाणी ओतून न धुतां ओल्या फडक्यानें पुसून काढीत. त्यामुळें जमिनीच्या ट्रॅपांत नवें पाणी पडेना, जुनें आटून गेलें आणि दार उघडें राहिलें. वर, हवा बाहेर फेंकणारा पंखा चालू केला कीं न्हाणीघरांतील हवा विरळ होई आणि नळींतली हवा जंतूंनीं भरलेल्या सूक्ष्म तुषारांसह आंत ओढली जाई. एका रोग्याच्या मलांतील विषाणु अशा रीतीनें अनेक घरांत पोंचले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दोन इंच पाणी जाग्यावर असतें, तर ही वाट बंद राहिली असती.

तेलाच्या डब्याची युक्ति

ट्रॅपमधील पाणी आटून जातें, तसें तें ओढूनही नेलें जातें. आणि बेटावरच्या सिंकची खरी भीति हीच आहे. हें कसें घडतें, तें आमच्या वाचकभगिनींना स्वयंपाकघरांतल्याच उदाहरणानें कळेल. तेलाचा नवा डबा फोडतांना एकच भोंक पाडलें, तर तेल गचके खात, थांबत थांबत पडतें. म्हणून समोरच्या कोपऱ्यांत दुसरें भोंक पाडण्याची रीत आहे. त्यांतून हवा आंत शिरते आणि पहिल्यांतून तेलाची धार संथ पडूं लागते. तेल जितकें बाहेर जातें, तितकी हवा आंत आली पाहिजे, एवढाच त्यांतला न्याय. सांडपाण्याच्या नळीला हाच न्याय लागूं आहे.

मोठें पातेलें सिंकमध्यें एकदम ओतलें, म्हणजे खालची नळी तोंडापर्यंत भरून पाण्याचा एक दट्ट्या तीतून खालीं सरकूं लागतो. त्याच्या मागें हवा विरळ होते. नळीला दुसरें भोंक असेल, तर त्यांतून हवा येऊन ती तूट भरून काढते. तें नसेल, तर खोलींतली हवा सिंकच्या तोंडांतून दाब देते आणि वांकांतलें पाणी पुढें ढकलून लावते. शेवटीं 'गुडगुड' असा मोठा आवाज होतो. तो दार उघडल्याचा आवाज समजावा. वरच्या मजल्यावरील कोणीं पाणी सोडलें तरी, नळी एकच असल्यास, खालच्यांच्या ट्रॅपवर हाच प्रसंग येतो.

याला जोर तरी किती लागतो? आपल्या भोंवतालच्या हवेला भार आहे, हें इटलींतील टॉरिसेलीनें १६४३ सालीं पाऱ्याच्या नळीनें दाखविलें. तो भार पाण्याचा सुमारें ३४ फूट उंचीचा स्तंभ तोलून धरतो. ३४ फूट म्हणजे ४०८ इंच. ट्रॅपमधील पाणी अवघें २ इंच. म्हणजे नळींतल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाहून सुमारें दोनशेंवा हिस्सा कमी झाला, कीं पहारेकरी जाग्यावरून हलला. इतक्या नाजुक कांट्यावर घराचें आरोग्य तोललेलें असतें.

हें दुसरें भोंक म्हणजेच 'व्हेंट', वायुवाहिनी. गच्चीवर गेल्यास सांडपाण्याच्या नळ्या शेवटच्या मजल्याच्याही वर येऊन, जाळीची टोपी घालून, आकाशाकडे तोंड उघडून उभ्या असलेल्या दिसतात. वर कोणी राहत नसतां नळी एवढी उंच कां नेली, असें पुष्कळांस वाटतें. ती पाण्यासाठीं नेलेली नसतेच, ती वाऱ्यासाठीं नेलेली असते. गच्ची दुरुस्त करतांना किंवा वास येतो म्हणून तें तोंड सिमेंटनें बुजविणें, म्हणजे तेलाच्या डब्याचें दुसरें भोंक बुजविण्यासारखेंच आहे.

भिंतीचा उपकार

आपल्या जुन्या घरांना हा प्रश्न पडला नाहीं, याचें कारण मोरी नेहमी बाहेरच्या भिंतीशीं असे. तिचें पाणी भिंतींतल्या भोंकांतून बाहेरच्या उघड्या पन्हळींत किंवा नाल्यांत पडे. सारी वाटच उघडी, तेव्हां हवेची उणीव कोठून येणार? पुढें मुंबई-पुण्याच्या इमारतींत ओट्याच्या टोंकाला खिडकीखालीं सिंक आलें, तेंही भिंतीशींच. त्याची नळी हातभर आडवी जाऊन भिंतीपलीकडील उभ्या नळाला मिळते, आणि तो नळ वर गच्चीवर उघडा असतो. ट्रॅपपासून हवा अगदीं हाताशीं. भिंतीचा हा उपकार न बोलतां होत आला, म्हणून कोणाच्या लक्षांत आला नाहीं.

ट्रॅपपासून हवेची वाट किती दूर चालेल, याचें एक साधें गणित आहे. दीड इंच व्यासाच्या आडव्या नळीला दर फुटास पाव इंच उतार द्यावयाचा, ही सर्वमान्य रीत. मग सहा फुटांत नळी दीड इंच, म्हणजे आपल्या व्यासाइतकी, खालीं उतरते. त्यापुढें हवेचें तोंड ट्रॅपच्या कांठाहून खालीं जातें, नळीचा तेवढा भाग पाण्यानें पूर्ण भरूं शकतो आणि ओढ सुरू होते. म्हणून अमेरिकेंतील 'इंटरनॅशनल प्लंबिंग कोड' दीड इंची नळीस सहा फुटांची मर्यादा घालतो. तेथीलच दुसरा, 'युनिफॉर्म प्लंबिंग कोड', अधिक कडक असून तो साडेतीन फुटांवरच थांबवितो. 'एस' आकाराच्या ट्रॅपला दोन्ही ठिकाणीं मनाई आहे. कारण त्याची नळी वांकानंतर लगेच सरळ खालीं उतरते आणि स्वतःचेंच पाणी ओढून नेते. त्याच्या जागीं आडवा हात असलेला 'पी' ट्रॅप आला, तो यासाठींच.

आणखी एक नियम आहे. वायुवाहिनी आडवी वळवावयाची असेल, तर सिंकच्या कांठाहून निदान ६ इंच वर चढवून मगच वळवावी. खालीं नळी तुंबली, तर पाणी आधीं सिंकमध्यें वर आलेलें दिसावें, गुपचूप वायुवाहिनींत शिरूं नये, हा त्यांतील हेतु. भिंतींत हें सहज साधतें. पण भिंत सोडून मध्यभागीं उभ्या असलेल्या ओट्यावर सिंकच्या सहा इंच वर काय आहे? मोकळी हवा! तेथें नळी उभी करावी, तर जेवणाच्या खोलींत खांब रोवल्यासारखें दिसेल. बेटावरच्या सिंकची सारी अडचण ती हीच.

अमेरिकेंतील तोड

ही रचना अमेरिकेंतून आली, तेव्हां तोडही तेथेंच निघाली. तेथील पुष्कळ घरें लांकडी सांगाड्याचीं असतात. जमीन लांकडी तुळयांवर असते, तुळयांच्या मध्यें पोकळी असते, कित्येकदां खालीं तळघर असतें. भिंतीही पोकळ, त्यांतून नळी छपरापर्यंत नेतां येते. तेथील कारागीर बेटाच्या सिंकला 'लूप व्हेंट' म्हणजे वळशाची वायुवाहिनी देतात. तिची रचना अशी:

सिंकच्या 'पी' ट्रॅपचा आडवा हात ओट्याच्या आंतील एका उभ्या नळीला मिळतो. तीतून पाणी खालीं जातें आणि जमिनीखालच्या आडव्या नळीला लागतें. तीच उभी नळी वरच्या बाजूस ओट्याच्या दगडाच्या पोटापर्यंत, जाईल तितकी उंच, चढविलेली असते. तेथें तिला वळसा देऊन शेजारूनच परत खालीं, जमिनीच्या आंत उतरवितात. या उतरत्या नळीचे जमिनीखालीं दोन मार्ग होतात. एक, पाण्याच्या आडव्या नळीला पुढच्या बाजूस जाऊन मिळतो. वळशांत चुकून पाणी शिरलेंच, तर तें या मार्गानें निथळून जातें. दुसरा, जमिनीखालून जवळच्या भिंतीपर्यंत जाऊन भिंतींतून छपरावर निघतो; हवा येते ती या मार्गानें. छपरावरून निघालेला वारा भिंतींतून, जमिनीखालून, वळशाच्या माथ्यावरून ट्रॅपपाशीं पोंचतो. वळशाचा माथा उंच ठेवावयाचा, कारण सहा इंच वर जाण्याचा नियम पाळणें शक्य नसतां निदान तुंबलेलें पाणी आधीं सिंकमध्यें दिसावें. शिवाय नळी साफ करण्यासाठीं झांकणाचीं तोंडें ठेवावीं लागतात. कारण जमिनीखालची वायुवाहिनी एकदां मळीनें भरली, तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

झडपेची सोय

हा वळसा खर्चाचा व जागेचा. म्हणून स्वीडनमध्यें १९७० नंतरच्या दशकांत एक सुटसुटीत युक्ति निघाली, ती म्हणजे हवा आंत घेणारी झडप. ट्रॅपच्या आडव्या हातावर निदान ४ इंच उंच अशी लहान नळी उभी करून तिच्या माथ्यावर ही झडप बसवितात. आंत रबराची एक हलकी चकती आपल्या भारानें मिटलेली असते. नळींत हवा विरळ झाली, कीं बाहेरची हवा चकती उचलून आंत शिरते; पाणी गेलें, कीं चकती पुनः मिटते आणि वास बाहेर येत नाहीं. कपाटांत सहज मावते, छपरापर्यंत जावें लागत नाहीं.

पण तिच्या मर्यादा ओळखून ती वापरावी. रबर कालांतरानें ताठरतें किंवा त्यावर मळ बसतो आणि चकती अर्धवट उघडी राहते. म्हणून ती हात पोंचेल व बदलतां येईल अशाच ठिकाणीं हवी, फरशीखालीं किंवा भिंतींत पुरून टाकूं नये. तिला हवा मिळावी म्हणून कपाटाला झरोके हवेत. दुसरें असें, कीं ती हवा आंत घेते, बाहेर सोडीत नाहीं. उंच इमारतींत वरून पाणी कोसळतें, तेव्हां उभ्या नळाच्या पायथ्याशीं हवा दाबली जाते आणि खालच्या मजल्यावरील ट्रॅपांतून बुडबुडे, क्वचित् साबणाचा फेस, वर येतो. त्यावर या झडपेचा कांहीं उपाय चालत नाहीं. 'इंटरनॅशनल प्लंबिंग कोड' ही झडप मान्य करतो, पण इमारतींतील निदान एक वाट उघड्या आकाशापर्यंत गेलीच पाहिजे असें बजावतो. 'युनिफॉर्म प्लंबिंग कोड' तर स्थानिक अधिकाऱ्याच्या संमतीवांचून तिला जागा देत नाहीं.

आपल्या सदनिकांत

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या सदनिकांची जमीन लांकडी तुळयांची नसून पांच-सहा इंच जाडीच्या काँक्रीटची असते, आणि तींत लोखंडी सळया असतात. ती फोडून नळी पुरणें म्हणजे इमारतीच्या हाडांना हात लावणें; तें कदापि करूं नये. मग नळी काँक्रीटच्या वरून न्यावी, तर मधला ओटा बाहेरच्या नळापासून बारा फुटांवर आहे असें धरा. दर फुटास पाव इंच याप्रमाणें उतारच ३ इंच होतो. त्यांत नळीचे दोन-सव्वादोन इंच आणि वर फरशीचा थर मिळविला, म्हणजे स्वयंपाकघराची जमीन निदान सहा-सात इंच उंच करावी लागते. म्हाताऱ्या माणसांच्या घरांत ही पायरी म्हणजे रोजचें संकट. जमिनीला भोंक पाडून नळी खालच्या बिऱ्हाडाच्या छताशीं टांगावी, तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकावर आपलें सांडपाणी! या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठीं मग उतार चोरला जातो, आणि वाऱ्याचा तर विचारच होत नाहीं.

याचें एक उदाहरण आमच्या नात्यांतल्या घरचेंच आहे. तेथें तीन पिढ्यांचें कुटुंब एकत्र राहतें. नव्या सदनिकेंत मोठ्या हौसेनें मधला ओटा बांधून त्यावर सिंक बसविलें. बसविणारानें सिंकखालीं घड्यांची लवचिक नळी जोडून तिलाच 'एस'सारखा वांक दिला व टोंक फरशींतल्या नळींत खुपसलें. पंधरवड्याच्या आंत सकाळीं उठल्याबरोबर घरांत वास येऊं लागला. आजीबाईंना खरकट्याचा संशय; त्यामुळें भांडीं घांसणाऱ्या बाईला बोलणीं, सुनांवर रुसवे. कपाट रोज धुवून निघे, उदबत्त्या जळत, वास कायम. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं कांहीं न खोलतां सिंकमध्यें एक तांब्या पाणी हळूच ओतलें, वास थांबला. मग थोरल्या सूनबाईंकडून मोठें पातेलें भरून घेऊन एकदम पालथें केलें. गुडगुड झाली, आणि पंखा लावून घटकाभर थांबतांच वास हजर!

"आजी, खरकट्याचा दोष नाहीं," मिस्त्री म्हणाले, "पाण्याला वाट दिलीय, वाऱ्याला दिली नाहीं."

"अहो मिस्त्री, वारा काय आतां गटारांत सोडायचा?" आजीबाईंनीं विचारलें.

"सोडला नाहीं, तर तोच घरांत येतो, आजी."

त्यांनीं घड्यांची नळी काढून गुळगुळीत 'पी' ट्रॅप बसविला, त्याच्या आडव्या हातावर झडप उभी केली, कपाटाच्या दाराला झरोके पाडले आणि फरशींतल्या नळीच्या तोंडाभोंवतालची फट रबरी कड्यानें बुजविली. त्या दिवसापासून वास नाहीं. आणि सांगण्यासारखी गोष्ट ही, कीं भांडीं घांसणाऱ्या बाईला आजीबाईंनीं स्वतः बोलावून चहा दिला. नळीच्या एका वांकापायीं घरांतल्या माणसांत वांकडें येतें, तें असें.

काय करावें

ज्यांचें घर अजून कागदावर आहे, त्यांना आमचें सांगणें असें, कीं मधला ओटा खुशाल बांधावा; पण तो चिरण्या-निवडण्याचा, वाढण्याचा व बसण्याचा ठेवावा. सिंक भिंतीशींच असूं द्यावें. ज्या घरांत दिवसाला दहा माणसांचीं भांडीं निघतात, तेथें तेलकट पाणी बारा फूट आडवें नेणें हें तुंबण्यास आमंत्रणच आहे. तूप-तेल नळींत थिजतें, आणि उतार जितका लांब व मंद, तितकें लवकर थिजतें. ओट्यावर केवळ भाजी धुण्याचें लहान सिंक असावें, एवढीच हौस असेल, तर गोष्ट निराळी.

मोठें सिंक तेथेंच हवें असेल, तर फरशी बसण्यापूर्वीं बांधणाऱ्यास चार प्रश्न विचारावे. उतार दर फुटास पाव इंच मिळतो काय? ट्रॅप 'पी' आहे काय? ट्रॅपला हवा कोठून मिळणार? नळी तुंबली, तर कोणत्या झांकणांतून साफ करणार? तिसऱ्या प्रश्नाला जो कारागीर चट्दिशीं उत्तर देईल, त्याच्या हातीं काम द्यावें. सिंक आधींच बसलें असेल, तर तें कांठोकांठ भरून झांकण काढावें व कान देऊन ऐकावें. पाणी संपतांना भोंवऱ्याचा लहानसा आवाज होतो, त्याची चिंता नाहीं. पण खोल गुडगुड बराच वेळ चालली, किंवा शेजारच्या न्हाणींतून बुडबुडे आले, तर हवेची वाट नाहीं असें समजावें.

राहिली गोष्ट घर बंद असतांनाची. उन्हाळ्यांत कुटुंब कोंकणांत किंवा मुलांकडे जातें आणि महिना-दीड महिना घराला कुलूप असतें. तेवढ्यांत ट्रॅपांतलें पाणी आटून जातें व परत आल्यावर सारें घर कुबट वासानें भरलेलें असतें. निघतांना प्रत्येक ट्रॅपांत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडें तेल सोडावें. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगून आटणें मंदावतें. नेहमींच्या वापरांतल्या सिंकला याची गरज नाहीं. परंतु पाहुण्यांची न्हाणी, गॅलरींतली मोरी, कपडे धुण्याच्या यंत्राजवळील जमिनीचें भोंक, जेथें रोज पाणी पडत नाहीं, तेथें आठवड्यांतून एकदां तांब्याभर पाणी घालण्याचें काम घरांतल्या एखाद्या मुलाकडे नेमून द्यावें. आणि तें कां घालावयाचें, हेंही त्याला तेलाचा डबा दाखवून समजावून सांगावें.